ओनील : कायद्याने पुसू पाहिलेले आडनाव



फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा आणि रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. पोर्तुगीज आडनावांच्या शेवटी येणारा तो 'स' बापाकडे बोट दाखवतो. बापाच्या किंवा आजोबांच्या नावावरून आडनाव घेण्याची ही रीत युरोपात अनेक ठिकाणी होती. त्या खंडाच्या पश्चिम टोकाला असलेल्या आयर्लंड या बेटावर ती फार लवकर रुजली. आज आपण तेथल्या एकाच आडनावाची माहिती करून घेऊ या. ते आडनाव आहे ओनील. हेच का निवडले, असे कुणी विचारील. संसदेने कायदा करून 'हे नाव यापुढे नाही' असे जाहीर करावे, अशी आडनावे जगात फार थोडी आहेत. ओनील हे त्यांपैकी एक.

प्रथम त्या 'ओ'विषयी. इंग्रजीत हे आडनाव लिहिताना 'ओ'नंतर वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखी खूण करतात. त्यामुळे पुष्कळांचा समज होतो, की हा 'ओ' म्हणजे इंग्रजीतल्या 'ऑफ'चे लहान रूप असावे. तसे नाही. जुन्या आयरिश भाषेत 'ऊआ' म्हणजे नातू. त्याचाच पुढे 'ओ' झाला आणि अर्थही 'नातू'वरून 'वंशज' असा पसरट झाला. आयरिश लिपीत या 'ओ'वर दीर्घ उच्चाराची एक तिरपी रेघ असते. इंग्रज कारकुनांनी ती रेघ अक्षराच्या डोक्यावरून शेजारी सरकवली आणि आजची खूण तयार झाली, असे सांगतात. दुसरा शब्द 'मॅक'. त्याचा अर्थ मुलगा. म्हणजे 'मॅक' लागला की पूर्वज बाप आणि 'ओ' लागला की पूर्वज आजोबा, असा मूळ हिशेब.

स्त्रियांचे काय? आयरिश भाषेत स्त्रीला 'नातू' कसे म्हणायचे! म्हणून ओनील घराण्यातल्या मुलीचे आडनाव 'नी नेल' होते आणि त्या घरी लग्न करून आलेल्या सुनेचे 'ई नेल'. भाऊ, बहीण आणि भावजय अशा तिघांची आडनावे तीन तऱ्हांनी लिहिली जातात. इंग्रजीत मात्र सारी सरसकट ओनील.

आयर्लंडमधली पिढीजात आडनावे युरोपातल्या सर्वांत जुन्या आडनावांत मोडतात. तेथील बखरींत इ. स. ९१६ मध्ये 'ओ क्लेरी' नावाच्या एका सरदाराच्या मृत्यूची नोंद आहे. आयरिश आडनावाची ही अगदी आरंभीची नोंद म्हणून तिचा नेहमी उल्लेख होतो. 'क्लेरी' शब्दाच्या मुळाशी धर्मगुरू किंवा लेखनिक असा अर्थ आहे. योगायोग असा, की सतराव्या शतकात मीहाल ओ क्लेरी या फ्रान्सिस्कन बंधूनेच तीन सहकाऱ्यांना बरोबर घेऊन आयर्लंडच्या जुन्या बखरींचा प्रचंड संग्रह सिद्ध केला. १६३२ ते १६३६ अशी चार वर्षे हे काम चालले होते. ओनील घराण्याविषयी आज जे कळते, त्यातले बरेचसे या संग्रहामुळे.

आता मूळ पुरुषाकडे वळू या. येथे थोडी सावधगिरी हवी, कारण नियल नावाचे दोन राजे आहेत आणि लोक नेहमी त्यांची गल्लत करतात.

पहिला 'नऊ ओलिसांचा नियल'. हा चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास होऊन गेला असे मानतात. त्याच्याभोवती दंतकथा इतक्या आहेत, की खरा माणूस शोधणे अवघड आहे. जिंकलेल्या नऊ ठिकाणांहून त्याने ओलीस धरून आणले, म्हणून ते नाव. ब्रिटनमधून पळवून आणलेल्या ज्या मुलाला आयर्लंडमध्ये गुलाम म्हणून मेंढरे राखावी लागली आणि जो पुढे त्या देशाचा प्रेषित संत पॅट्रिक झाला, त्या मुलाला नियलच्याच टोळीने पळवले होते अशीही एक कथा आहे. संत पॅट्रिकने स्वतः आपल्या कबुलीजबाबात पळवणाऱ्याचे नाव दिलेले नाही, तेव्हा ही कथाच समजावी. या नियलचा एक मुलगा ओएन. त्याच्या वंशजांनी उत्तरेकडे जो मुलूख धरला त्याला 'ओएनची भूमी' असे नाव पडले. नकाशावर आज जे टिरोन दिसते ते हेच.

दुसरा नियल त्यानंतर काही शतकांनी झाला. त्याला 'काळ्या गुडघ्याचा नियल' म्हणत. तो आयर्लंडचा उच्चराजा होता. डब्लिनजवळ समुद्री लुटारू नॉर्सलोकांशी लढताना ९१९ मध्ये तो पडला. ओनील हे आडनाव आले ते या दुसऱ्या नियलवरून. त्याचा नातू डोनल हा पुढे उच्चराजा झाला. तो स्वतःला 'ऊआ नेल' म्हणजे नियलचा नातू म्हणवीत असे आणि ते अक्षरशः खरे होते. ९८० मध्ये आर्मा येथे पश्चात्ताप करून त्याने देह ठेवला. डोनलचा नातू फ्लाहबर्तख हा नियलचा नातू नव्हता, पणतूही नव्हता, तर त्याच्याही पुढच्या पिढीतला होता. तरी तोही 'ऊआ नेल'च राहिला. नातू या शब्दाचा नाते सांगणारा अर्थ सुटला आणि आडनाव तयार झाले, ते या दोन पिढ्यांच्या मध्ये. हा फ्लाहबर्तख १०३० मध्ये रोमच्या यात्रेला गेला होता. त्यामुळे इतिहासात त्याला 'यात्रेच्या काठीचा' असे विशेषण चिकटले. ओनील घराण्याचा रोमशी आलेला संबंध इतका जुना आहे.

नियल या नावाचा अर्थ काय, यावर विद्वानांचे एकमत नाही. कुणी 'ढग' म्हणतात, कुणी 'वीर'. नाव मात्र दूरवर फिरले. आयर्लंडमध्ये लुटायला आलेल्या नॉर्सलोकांनीच ते उचलले आणि आइसलंडला नेले. तेथे त्याचे न्याल झाले. नॉर्मंडीमार्गे ते इंग्लंडला पोचले. लॅटिन लिहिणाऱ्यांनी त्याचे नायजेल केले. नील आणि नेल्सन हीसुद्धा त्याचीच पिल्ले. ट्रफल्गारचा तो दर्यासारंग आणि आयर्लंडचे बंडखोर ओनील नावाने एकाच खोडाचे, ही गंमत आहे!

तेराव्या शतकात ओनीलांनी आपल्याच भाऊबंदांतल्या मॅक लॉखलिन घराण्याला १२४१ च्या लढाईत कायमचे हटवले. त्यानंतर उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात त्यांच्या तोडीचे कुणी उरले नाही. इंग्रज तोवर आयर्लंडमध्ये शिरले होते. १३१७ मध्ये डोनल ओनील या राजाने इतर सरदारांसह पोप बाविसावे जॉन यांना सविस्तर तक्रारपत्र पाठवले आणि इंग्रजी अंमलात आपल्या लोकांवर होणाऱ्या अन्यायाचा पाढा वाचला. ते पत्र आजही उपलब्ध आहे.

येथून आपला खरा विषय सुरू होतो. आपल्याकडे आडनाव म्हणजे ओळख. घरातल्या सर्वांचे तेच. ओनीलांत मात्र या नावाला दुसरा एक अर्थ होता. घराण्याचा जो प्रमुख असे त्याला त्याच्या पाळण्यातल्या नावाने कुणी हाक मारीत नसे. तो नुसता 'ओनील'. आडनाव हेच राजपद! बापामागून थोरला मुलगा असा नियम तेथे नव्हता. एका पणजोबाच्या वंशातले सर्व पुरुष पात्र समजले जात आणि त्यांतून एकाची निवड होई. त्यामुळे भांडणे व रक्तपातही खूप झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. निवडलेल्याचा अभिषेक टिरोनमधल्या टलीहोग या टेकडीवर होई. तेथे दगडाचे एक आसन होते. ओहेगन आणि ओकाहन या दोन घराण्यांना त्या विधीत मान असे. विधीत पादत्राणाचाही उपयोग केला जाई. हे सारे झाल्यावर जमाव त्या माणसाच्या नावाने घोष करी आणि त्या क्षणापासून तो 'ओनील' होई.

इंग्रज राज्यकर्त्यांना या नावाची ताकद नीट समजली होती. आयरिश आडनावांवर त्यांची वक्रदृष्टी आधीपासूनच होती. १४६५ च्या एका कायद्याने डब्लिनच्या आसपासच्या चार परगण्यांतील आयरिश लोकांना इंग्रजी आडनावे घेण्याचा हुकूम झाला होता. गावाचे नाव घ्या, रंगाचे घ्या किंवा धंद्याचे घ्या, पण आयरिश नको. पुढे 'लोहाराचा मुलगा' असा अर्थ असलेले मॅक गोवन कितीतरी ठिकाणी स्मिथ होऊन बसले. १५४१ मध्ये आठवा हेन्री स्वतःला आयर्लंडचा राजा म्हणवू लागला. त्यानंतर सरदारांना सांगण्यात आले, की जमिनी राजाच्या स्वाधीन करा, म्हणजे त्या इंग्रजी कायद्याप्रमाणे तुम्हांला परत मिळतील. १५४२ मध्ये कॉन ओनील लंडनजवळ ग्रीनिच येथे गेला, राजापुढे गुडघे टेकले आणि टिरोनचा अर्ल होऊन परतला. त्यासाठी त्याला घातलेली अट अशी, की 'ओनील' ही पदवी सोडून द्यायची.

अट मान्य करणे सोपे होते, निभावणे नाही. कॉनचा मुलगा शेन याने बापाची इंग्रजी पदवी झुगारली आणि १५५९ मध्ये जुन्या रीतीने तो ओनील झाला. आठ वर्षे त्याने एलिझाबेथ राणीच्या अधिकाऱ्यांना सळो की पळो केले. १५६७ मध्ये स्कॉटलंडहून आलेल्या मॅकडोनल लोकांच्या छावणीत त्याचा खून झाला. तो मेल्यावरही राणीच्या सल्लागारांना स्वस्थता वाटली नसावी, कारण १५६९ मध्ये डब्लिनच्या संसदेने शेनला मरणोत्तर राजद्रोही ठरवणारा कायदा केला आणि त्यातच ओनील ही पदवी कायमची नष्ट झाल्याचे घोषित केले. यापुढे जो कुणी ते नाव धारण करील तो राजद्रोही ठरेल. राजद्रोहाची शिक्षा काय असते, हे सांगायला नको.

कायदा झाला, पण त्याआधीच टरलॉख लिनाख नावाचा भाऊबंद टलीहोगच्या टेकडीवर चढून ओनील झालेला होता. सरकारने डोळेझाक केली. पण सर्वांत मोठा ओनील अजून यायचा होता.

ह्यू ओनीलचा जन्म १५५० च्या सुमाराचा. तो लहानपणी इंग्रजांच्या देखरेखीखाली वाढला. इंग्रजी रीतिभाती त्याला चांगल्या अवगत होत्या. राणीनेच त्याला टिरोनचा अर्ल केले. हा आपला माणूस, असे लंडनला वाटे. १५९५ मध्ये टरलॉख वारला आणि ह्यूपुढे प्रश्न उभा राहिला. अर्ल म्हणून राहावे तर मान, जमीन व सुरक्षितता होती. 'ओनील' व्हावे तर फाशी. तो टलीहोगला गेला. आपल्या लोकांना ज्या नावाखाली एकत्र आणता येईल असे नाव एकच आहे, हे तो ओळखून होता. अर्थात त्याच्या मनात सत्तेची हाव मुळीच नव्हती, असे म्हणता येणार नाही. तो कसलेला राजकारणी होता. धर्मस्वातंत्र्याची मागणी मात्र त्याने वाटाघाटींत पुढे ठेवली, हे खरे.

१५९८ च्या ऑगस्टमध्ये यलो फोर्ड येथे त्याने इंग्रज सैन्याचा दारुण पराभव केला. त्यात पडलेला इंग्रज सेनापती बॅगनल हा ह्यूच्या दिवंगत पत्नीचा सख्खा भाऊ होता. पुढे स्पेनची मदत आली, पण ती दक्षिणेला किनसेल बंदरात उतरली. ओनीलला भर हिवाळ्यात सारे बेट ओलांडून तेथे जावे लागले. तेथली लढाई इंग्रजांच्या पंचांगाप्रमाणे १६०१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी झाली. आयरिश आणि स्पॅनिश लोक पोप तेरावे ग्रेगरी यांचे सुधारित पंचांग मानीत, म्हणून त्यांच्या लेखी तो १६०२ च्या जानेवारीचा तिसरा दिवस होता. तारीख कोणतीही धरा, ओनीलचा पराभव झाला.

त्याच वर्षी, १६०२ मध्ये, इंग्रज सेनापती माउंटजॉय टलीहोगला गेला आणि त्याने ते दगडी आसन फोडून टाकले. एका दगडावर एवढा राग का, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल.

३० मार्च १६०३ रोजी मेलिफाँट येथे ह्यूने शरणागती पत्करली. ही जागा आयर्लंडमधल्या पहिल्या सिस्टर्शियन मठाची. शरणपत्रात त्याने ओनील ही पदवी सोडली. एलिझाबेथ राणी सहा दिवसांपूर्वीच वारली होती. माउंटजॉयला ते ठाऊक होते, ह्यूला नव्हते. मेलेल्या राणीपुढे त्याने नाव खाली ठेवले.

अर्ल म्हणून त्याला जमिनी परत मिळाल्या खऱ्या, पण पाळत सुटली नाही. शेवटी १४ सप्टेंबर १६०७ रोजी रॅथमुलनच्या किनाऱ्यावरून सुमारे शंभर माणसांना घेऊन एक जहाज निघाले. त्यात ओनील आणि ओडोनल या दोन्ही घराण्यांचे प्रमुख होते. घाई इतकी, की ह्यूचा धाकटा मुलगा कॉन सापडला नाही. उन्हाळ्यात गुरे घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या गुराख्यांबरोबर तो होता. पाच-सहा वर्षांचे पोर! जहाज त्याच्याविना सुटले. पुढे तो इंग्रजांच्या हाती लागला. त्याला इंग्लंडच्या ईटन शाळेत घालण्यात आले आणि नंतर लंडनच्या टॉवर या तुरुंगात. बापलेकांची पुन्हा भेट झाली नाही.

या प्रवासाची रोजनिशी टायग ओ किनान या सहप्रवाशाने आयरिश भाषेत लिहून ठेवली आहे. जहाज स्पेनला जायचे ते वादळामुळे नॉर्मंडीला लागले. फ्लँडर्समधून ही मंडळी हिवाळ्यात आल्प्स पर्वत ओलांडून निघाली. १६०८ च्या संत पॅट्रिकच्या सणादिवशी पर्वतातला एक अरुंद पूल ओलांडताना पैसे लादलेला घोडा दरीत कोसळला. लोरेटोच्या तीर्थाला नमस्कार करून ते २९ एप्रिल १६०८ रोजी रोमला पोचले. पोप पाचवे पॉल यांनी त्यांना घर आणि निर्वाहभत्ता दिला. ह्यूला मात्र परत जायचे होते, त्यासाठी सैन्य हवे होते आणि स्पेनने इंग्लंडशी १६०४ मध्येच तह केला होता. २० जुलै १६१६ रोजी ह्यू रोममध्येच वारला.

संत पेत्राला जेथे क्रुसावर चढवले अशी परंपरा आहे, त्या टेकडीवरच्या सान पिएत्रो इन मोंतोरिओ या चर्चमध्ये त्याला पुरले. कबरीवरच्या लॅटिन ओळीत त्याला 'प्रिन्स ओनील' असे म्हटले होते. मूळ शिळा एकोणिसाव्या शतकात हरवली, पण मजकुराची नक्कल कुणी करून ठेवली होती. १९८९ मध्ये आर्माचे महागुरुस्वामी कार्डिनल टोमास ओ फीअख यांनी त्याच मजकुराची नवी संगमरवरी शिळा तेथे बसवली. हे कार्डिनल स्वतः इतिहासाचे प्राध्यापक होते. त्यांचे इंग्रजी वळणाचे आडनाव फी. आयरिश रूप त्यांनी पुढे स्वीकारले.

इकडे अल्स्टरमधल्या जमिनी १६०९ पासून इंग्लंड व स्कॉटलंडहून आणलेल्या वसाहतवाल्यांना वाटण्यात आल्या. ह्यूचा पुतण्या ओएन रो याने १६४६ मध्ये बेनबर्बची लढाई जिंकली, पण तीन वर्षांत तोही वारला. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून कॅथलिकांवर दंडक लादणारे कायदे आले. शाळा चालवायची नाही. पाच पौंडांहून जास्त किमतीचा घोडा बाळगायचा नाही. अशा काळात आडनावातला 'ओ' आणि 'मॅक' यांनी नोकरी किंवा जमीन मिळण्यात अडचणच व्हायची. लाखो घरांतून ती अक्षरे गळाली. ओ केली यांचे नुसते केली झाले, ओ मर्फींचे मर्फी. ओनीलांतही नील, नेल, निहिल अशी रूपे झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आयरिश भाषेची चळवळ उभी राहिली, १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन झाली, आणि पुष्कळांनी गळालेला 'ओ' पुन्हा जोडून घेतला. केली आणि मर्फी बहुतेक तसेच राहिले. ओनील आणि ओब्रायन यांनी मात्र 'ओ' राखला किंवा परत मिळवला. १८९० च्या जन्मनोंदींवरून केलेल्या मोजणीत ओनील हे आयर्लंडमधले दहावे सर्वांत मोठे आडनाव ठरले.

हे सर्व ओनील राजवंशाचे आहेत काय? नाहीत. दक्षिणेकडे क्लेअर आणि वॉटरफर्ड भागात या नावाची वेगळी घराणी होती. त्यांचा टिरोनशी संबंध नाही. २००६ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी वायव्य आयर्लंडमधल्या सुमारे पाचातल्या एका पुरुषात एकच आनुवंशिक खूण दाखवून तिचा संबंध नऊ ओलिसांच्या नियलशी जोडला. वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलून धरली. नंतरच्या अभ्यासात ती खूण नियलच्याही आधीची असावी असे दिसून आले.

घराण्याचा शोध घेणाऱ्याला खरा आधार चर्चच्या वह्यांचाच. १९२२ च्या यादवीत डब्लिनमधले सरकारी दप्तरखाने जळाले. १८२१ ते १८५१ या काळातल्या जनगणनेचे बहुतेक कागद त्यात गेले. कॅथलिक धर्मग्रामांच्या बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या वह्या गावोगावच्या चर्चमध्येच असल्याने वाचल्या. २०१५ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने साधारण १८८० पर्यंतच्या या वह्यांची छायाचित्रे सर्वांना विनामूल्य खुली केली. जुन्या धर्मगुरूंनी एकाच घरातल्या एका मुलाचे आडनाव 'ओ' लावून आणि दुसऱ्याचे 'ओ'शिवाय लिहिलेले त्यांत सापडते. तेव्हा शोधताना दोन्ही रूपे पाहावी लागतात.

परदेशी गेलेल्या ओनीलांपैकी दोघांचा उल्लेख करतो. अठराव्या शतकात पोर्तुगालला गेलेल्या शाखेत लिस्बनचे कवी अलेशांद्र ओनील (१९२४-१९८६) झाले. अमेरिकेतले नाटककार यूजीन ओनील यांचे वडील आयर्लंडमध्ये जन्मलेले नट. यूजीन यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मायदेशात या नावाचे पुढे जे झाले ते मौजेचे आहे. ह्यूला देश सोडायला लावणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांत आर्थर चिचेस्टर प्रमुख होता. एकोणिसाव्या शतकात अल्स्टरमधल्या एका ओनील शाखेचा वंश खुंटला आणि १८५५ मध्ये तिची जहागीर वारसाने विल्यम चिचेस्टर नावाच्या पाद्रीकडे गेली. तो त्याच चिचेस्टर घराण्यातला. जहागिरीबरोबर त्याने आडनावही घेतले. १९६३ ते १९६९ या काळात उत्तर आयर्लंडचे पंतप्रधान असलेले टेरेन्स ओनील हे त्याच्या वंशातले. पुढे ३ फेब्रुवारी २०२४ रोजी मिशेल ओनील या उत्तर आयर्लंडच्या फर्स्ट मिनिस्टर झाल्या. कॅथलिक राष्ट्रवादी समाजातून त्या पदावर आलेल्या त्या पहिल्याच. त्यांचे गाव टिरोन परगण्यातले क्लोनो. त्यांचे माहेरचे आडनाव डोरिस आहे, ओनील हे लग्नानंतरचे. आयरिश रीतीने लिहायचे झाले तर 'ई नेल'.